सतरा, आठ, शून्य पाच

इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा अवघ्या दोन वाक्यांचा आहे. आम्ही इंडोनेशियाचे लोक इंडोनेशियाचं स्वातंत्र्य जाहीर करतो, हे पहिलं वाक्य. सत्तांतर वगैरे बाबी काळजीपूर्वक आणि शक्य तितक्या लवकर पार पाडल्या जातील, हे दुसरं. खाली ‘इंडोनेशियाच्या जनतेच्या वतीनं’ सुकर्णो आणि हत्ता या राष्ट्रवादी नेत्यांच्या सह्या आणि तारीख : जाकार्ता, दिवस १७, महिना ८, वर्ष ०५.

साल तर १९४५ होतं. मग हे ०५ कुठलं? जपानची शाही कालगणना जिम्मू या आद्य सम्राटाच्या राज्यारोहणापासून, म्हणजे इसवी सनापूर्वी ६६० पासून मोजली जाते. त्या हिशेबानं १९४५ म्हणजे २६०५. इंडोनेशियाचं जावा बेट जपानच्या ताब्यात होतं, त्या साडेतीन वर्षांत तिथल्या सरकारी कागदांवर हेच साल होतं, घड्याळं टोकियोच्या वेळेवर चालत होती, आणि नव्या राष्ट्राचा पहिला कागदही त्याच सवयीनं लिहिला गेला. माझ्या मनातून ही तारीख जात नाही. जे साम्राज्य दोनच दिवसांपूर्वी शरण गेलं होतं, त्याचं साल या कागदावर आहे. तरीही त्या कागदाला त्या साम्राज्याची परवानगी नव्हती.

जपाननं आशियाला स्वातंत्र्य दिलं, असं म्हणणारे लोक आजही आहेत. जपानमध्ये आहेत, आपल्याकडेही आहेत. मी हे अनेक चांगल्या, वाचणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलंय आणि त्यामागची भावना मला कळते. १९०५ साली त्सुशिमाच्या समुद्रात जपाननं रशियाचं आरमार बुडवलं तेव्हा लोकमान्यांच्या पिढीला केवढा हुरूप आला होता! गोऱ्यांना हरवता येतं, हे प्रथमच डोळ्यांनी दिसलं. पुढे नेताजी, आझाद हिंद सेना, सिंगापूरचं हंगामी सरकार. आमच्या घरात नेताजींची तसबीर होती आणि आजही तिच्यासमोर माझे हात आपोआप जोडले जातात.

पण त्याच १९०५ च्या नोव्हेंबरात जपाननं कोरियाचं परराष्ट्र खातं काढून घेतलं आणि १९१० साली अख्खा देश आपल्या राज्याला जोडून टाकला. तैवान तर १८९५ पासूनच ताब्यात होता. आशियाला जाग आणणारा विजय आणि आशियातल्याच एका जुन्या राज्याच्या गळ्यातला फास एकाच वर्षातला आहे. १९१९ च्या १ मार्चला सोलच्या बागेत स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला, देशभर लाखो माणसं रस्त्यावर आली आणि त्यांच्यावर गोळ्या चालल्या. दीड महिन्यात, १३ एप्रिलला, इकडे जालियनवाला बाग घडली. आपण दुसरी घटना कधी विसरत नाही. पहिली आपल्या पाठ्यपुस्तकांत शोधावी लागते.

१९१० सालीच, कोरिया गिळला गेला त्यानंतर दीडेक महिन्यानं, सोलापुरात द्वारकानाथ कोटणीसांचा जन्म झाला. जी. एस. मेडिकलमधून डॉक्टर झालेला हा तरुण १९३८ साली काँग्रेसनं पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेला. पथकात पाचजण होते, त्यांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस तिथेच राहिले, आणि डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. ज्या फौजांच्या जखमी सैनिकांवर ते शस्त्रक्रिया करत होते, त्या जपानशी लढत होत्या. नेताजींबद्दलचा आदर आणि कोटणिसांबद्दलचा अभिमान हे दोन्ही एकाच मराठी मनात राहू शकतात, राहायला हवेत. दोन्ही एकत्र ठेवले की ‘जपाननं मुक्त केलं’ हे वाक्य मात्र तितक्या सहज उच्चारता येत नाही.

अंदमानला आपण सावरकरांच्या कोठडीसाठी जातो. २३ मार्च १९४२ ला ती बेटं जपाननं घेतली आणि ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, हे मार्गदर्शक सांगतो. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १४ जानेवारीला, त्याच सेल्युलर जेलमध्ये डॉ. दिवाणसिंग कालेपानी हे पंजाबी कवी जपानी छळानं मेले. ३० जानेवारी १९४४ ला हम्फ्रेगंज इथे ४४ निरपराध भारतीयांना हेरगिरीच्या आरोपावरून रांगेत उभं करून गोळ्या घातल्या. पोर्ट ब्लेअरहून हम्फ्रेगंज फार लांब नाही. तिथे स्मारक आहे. आपल्या सहलींच्या बसनं तिथे थांबावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

जावाची गोष्ट यापेक्षा गुंतागुंतीची आहे. म्हणूनच मी तिच्याकडे पुन्हा पुन्हा वळते.

१ मार्च १९४२ ला जपानी सैन्य जावात उतरलं आणि आठवड्याभरात डचांनी कालिजातीला शरणागती पत्करली. साडेतीनशे वर्षं ज्यांचा दरारा होता ते गोरे साहेब आठ दिवसांत कैदी झाले. रस्त्यांवर लोकांनी जपान्यांचं स्वागत केलं. जावात जयबय राजाच्या नावावर एक जुनी भविष्यवाणी सांगतात : उत्तरेकडून पिवळ्या वर्णाचे लोक येतील, राज्य करतील, पण मक्याचं एक पीक उभं राहून कापलं जाईल तेवढाच काळ. त्यानंतर देश आपला. लोकांनी हिशेब मांडला होता.

मक्याचं ते पीक फार महाग पडलं. काही दिवसांतच राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत यांवर बंदी आली. सकाळी टोकियोच्या दिशेनं कमरेत वाकून नमस्कार करायचा. नाही वाकलं तर भर रस्त्यात थोबाडीत. डच भाषा मात्र हद्दपार झाली, आणि सगळ्यांना जपानी शिकवायला वेळ नव्हता, म्हणून शाळा, कचेऱ्या, रेडिओ सगळं मलय वळणाच्या इंडोनेशियन भाषेत चालू लागलं. जपानला हे करायचं नव्हतं, झालं. हजारो बेटांच्या देशाला एक बोलती भाषा मिळाली.

आणि रोमुशा. सक्तीचे मजूर. खेड्यापाड्यांतून ‘अर्थव्यवस्थेचे सैनिक’ म्हणून गोळा केलेले शेतकरी. रस्ते, विमानतळ, रेल्वे, आणि दक्षिण बांतेनमधल्या बायाहची कोळशाची खाण. जावाबाहेर पाठवलेल्यांची संख्या सुमारे २ लाख ७० हजार सांगतात. युद्धानंतर त्यांतले जेमतेम ५२ हजार परत आणले गेले. काहीजण थायलंड-ब्रह्मदेश रेल्वे बांधताना गेले. तांदळाची सक्तीची वसुली एवढी होती की १९४४-४५ मध्ये एकट्या जावात उपासमारीनं सुमारे २४ लाख माणसं दगावली, असा अंदाज अभ्यासक मांडतात. बंगालच्या दुष्काळाइतकाच भयंकर आकडा, त्याच दशकातला, आणि या वेळी राज्य करणारे स्वतःला आशियाचे थोरले भाऊ म्हणवत होते.

रोमुशा म्हणून भरती व्हा, असं लोकांना सांगणाऱ्यांत सुकर्णो स्वतः होते. प्रचाराच्या छायाचित्रांसाठी ते मजुरांबरोबर घमेलं-फावडं घेऊन उभे राहिले. पुढे आपल्या आत्मकथनात त्यांनी ही जबाबदारी लपवली नाही. सुतान शाहरिर या दुसऱ्या राष्ट्रवादी नेत्यानं जपान्यांशी सहकार्य नाकारलं आणि चोरून रेडिओ ऐकत भूमिगत जाळं बांधलं. सुकर्णोंनी व्यासपीठ घेतलं. गावोगावच्या सभांमधून, जपानी ध्वनिक्षेपकांवरून, त्यांनी लोकांना आपला आवाज ओळखीचा करून दिला. कोण बरोबर, याचा निवाडा मी करू शकत नाही. जे मेले त्यांच्या घरच्यांना तो करायचा अधिकार आहे, आणि त्यांना तो कुणी विचारला नाही.

एक कागद मात्र या सगळ्या वादात मला निर्णायक वाटतो. ३१ मे १९४३ ला टोकियोत सम्राटांच्या उपस्थितीत झालेल्या बैठकीत ठरलं की ब्रह्मदेश आणि फिलिपीन्सला स्वातंत्र्य द्यायचं; मलाया, सुमात्रा, जावा, बोर्निओ, सेलेबेस मात्र जपानचा प्रदेश म्हणून ठेवायचे. तेल, रबर, कथील तिथेच होतं. हा निर्णय गुप्त ठेवला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात टोकियोत ‘बृहत् पूर्व आशिया परिषद’ भरली. नेताजी तिथे निरीक्षक म्हणून होते, ब्रह्मदेशचे बा मॉ होते, फिलिपीन्सचे लॉरेल होते. इंडोनेशियाला आमंत्रणच नव्हतं. स्वातंत्र्याचं आश्वासन आलं ते सप्टेंबर १९४४ मध्ये, सायपान बेट पडल्यावर, पंतप्रधान तोजोंचं मंत्रिमंडळ गेल्यावर. हरणाऱ्यानं दिलेलं आश्वासन.

जपान्यांनी जावात ‘पेता’ नावाचं स्थानिक सैन्य उभं केलं होतं. सुमारे ३७ हजार तरुण, शिस्तीत कवायत केलेले. दोस्त राष्ट्रं उतरली तर त्यांनी लढावं, हा हेतू. १४ फेब्रुवारी १९४५ ला ब्लितार गावच्या पेता तुकडीनं सुप्रियादी नावाच्या तरुण अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली जपान्यांविरुद्धच बंड केलं. रोमुशांचे हाल त्या मुलांनी रोज डोळ्यांनी पाहिले होते. बंड मोडलं, काहींना देहदंड झाला, सुप्रियादी पुन्हा कुणाला दिसला नाही. पुढच्याच महिन्यात, २७ मार्चला, ब्रह्मदेशात आँग सान यांनी जपाननंच घडवलेली आपली फौज जपानवर उलटवली. ज्यांना ‘मुक्त’ केल्याचं सांगतात, त्यांचं त्या मुक्तीबद्दलचं मत या दोन तारखांत पुरेसं स्पष्ट आहे.

आता १५ ऑगस्ट. दुपारी सम्राटांचा आवाज रेडिओवर आला. तीनच दिवसांपूर्वी सुकर्णो, हत्ता आणि राजीमान हे व्हिएतनाममधल्या दालातला जाऊन फील्डमार्शल तेराउची यांना भेटले होते. तुम्हाला लवकरच स्वातंत्र्य देऊ, असं तेराउचींनी सांगितलं होतं. आता देणाराच उरला नव्हता. जाकार्तातली तरुण मुलं अधीर झाली : जपानकडून दान घ्यायचं नाही, आजच जाहीर करा. सुकर्णो आणि हत्ता रक्तपाताला भीत होते. जपानी सैन्य शरण आलं असलं तरी बंदुका त्यांच्याच हातात होत्या, आणि शरणागतीच्या अटींनुसार ‘जैसे थे’ राखायची जबाबदारीही त्यांचीच होती. १६ च्या पहाटे तरुणांनी या दोघांना उचललं, सुकर्णोंच्या पत्नी फात्मावती आणि त्यांच्या तान्ह्या मुलासकट, आणि रेंगासडेंगक्लोकच्या पेता चौकीवर नेऊन ठेवलं. दिवसभर वाद झाला. रात्री सगळे जाकार्तात परतले.

ते परतले ते जपानी नौदलाचे रिअर ॲडमिरल तादाशी माएदा यांच्या घरी. माएदा इंडोनेशियन राष्ट्रवाद्यांबद्दल सहानुभूती बाळगून होते आणि त्यांच्या घरावर भूदलाचे पोलीस सहजी धाड घालू शकत नव्हते. ते सुकर्णोंना जपानी सेनाधिकारी निशिमुरा यांच्याकडे घेऊन गेले. निशिमुरांनी साफ नकार दिला. परत आल्यावर माएदांच्या जेवणाच्या टेबलाशी सुकर्णो, हत्ता आणि सुबार्जो बसले आणि सुकर्णोंनी रेघांच्या कागदावर मसुदा लिहिला.

जाकार्ताच्या मेंतेंग भागात ते घर आज संग्रहालय आहे. मी गेले होते तेव्हा पावसाळी दुपार होती, आत शाळेची मुलं होती आणि त्यांच्या बाई टेबलाजवळ उभ्या राहून त्यांना ती रात्र सांगत होत्या. जिन्याखाली पियानो आहे. टाइप केलेल्या कागदावर सह्या त्या पियानोवर झाल्या, असं सांगतात. टाइपरायटर जर्मन नौदलाच्या कचेरीतून उसना आणावा लागला, कारण माएदांच्या घरच्यावर जपानी अक्षरं होती. सायुती मेलिक या तरुणानं मसुदा टाइप केला आणि हस्तलिखित कागद चुरगाळून केराच्या टोपलीत गेला. बी. एम. दियाह या पत्रकारानं तो उचलून खिशात घातला आणि १९९२ पर्यंत, तब्बल सेहेचाळीस वर्षं, जपून ठेवला.

१७ ऑगस्ट, शुक्रवार, रमजानचा महिना. सकाळी दहाला सुकर्णोंच्या घराच्या अंगणात, अंगात मलेरियाचा ताप असताना, त्यांनी तो कागद वाचला. बांबूच्या काठीवर फात्मावतींनी शिवलेला लाल-पांढरा झेंडा चढला. परकं घर, परका टाइपरायटर, परकं साल. निर्णय मात्र त्यांचा स्वतःचा. माएदांचं श्रेय मी नाकारत नाही; त्या रात्री त्यांनी घराचं दार उघडलं आणि पुढे त्यासाठी तुरुंगही भोगला. पण दार उघडणाऱ्या एका अधिकाऱ्याचं श्रेय साम्राज्याच्या खात्यावर जमा करता येत नाही, कारण साम्राज्याचा अधिकृत जबाब निशिमुरांनी त्याच रात्री दिला होता.

एक राज्य कोसळलंय आणि दुसरं अजून पोहोचलं नाही, अशी ती फट होती. काही दिवसांची. तिचं कोणी काय केलं, यावर आशियाचं पुढचं अर्धशतक ठरलं. हनोईत हो चि मिन्ह यांनी २ सप्टेंबरला स्वातंत्र्य जाहीर करताना सांगितलं की आम्ही ते फ्रेंचांकडून नव्हे, जपान्यांच्या हातून हिसकावून घेतलंय. आणि आदल्या हिवाळ्यापासून उपासमारीनं मेलेल्या वीस लाखांहून अधिक देशबांधवांचा उल्लेख त्याच भाषणात केला. कोरियाला ती फट मिळालीच नाही म्हटलं तरी चालेल. १० ऑगस्टच्या रात्री वॉशिंग्टनमध्ये दोन अमेरिकन अधिकाऱ्यांनी मासिकाचा एक नकाशा समोर ठेवून अर्ध्या तासात अडतिसाव्या अक्षांशावर देश दुभागणारी रेघ ओढली. सोलमध्ये कोरियन नेत्यांनी ६ सप्टेंबरला लोकांचं प्रजासत्ताक घोषित केलं. ८ ला अमेरिकन फौज उतरली, ९ ला गव्हर्नर-जनरलच्या इमारतीवरून जपानचा झेंडा उतरला आणि अमेरिकेचा चढला. कोरियाचा नव्हे.

इथून पुढचा भाग आपला आहे.

शरणागतीनंतर डच ईस्ट इंडीज लॉर्ड माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडकडे सोपवलं गेलं. हेच माउंटबॅटन दोन वर्षांनी आपल्या स्वातंत्र्याची तारीख जपानच्या शरणागतीच्या दुसऱ्या वर्धापनदिनावर ठेवणार होते. त्यांच्याकडे जावात पाठवायला ब्रिटिश सैन्य पुरेसं नव्हतं. भारतीय होतं. २५ ऑक्टोबर १९४५ ला सुराबाया बंदरात ब्रिगेडियर मॅलबी यांची ४९ वी भारतीय ब्रिगेड उतरली. या ब्रिगेडमध्ये राजपुताना रायफल्सची एक आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोन बटालियन होत्या, चौथी आणि सहावी. त्यांतली चौथी मराठा दीड वर्षापूर्वी मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांशी जिवाच्या करारानं लढली होती. साताऱ्याची, कोल्हापूरची, कोकणातली पोरं. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला घरोघरच्या सैनिकांमुळे ‘अपशिंगे मिलिटरी’ नाव पडलं, तशा गावांतली. युद्ध संपलंय, आता घरी जायचं, या आशेवर असलेली.

त्याच २५ ऑक्टोबरला भारतात काँग्रेसच्या हाकेवरून ‘आग्नेय आशिया दिन’ पाळला जात होता. इंडोनेशिया आणि इंडोचायनात भारतीय सैनिक वापरू नका, ही मागणी होती. नेहरू जाहीरपणे म्हणत होते की आमच्यासारख्याच लढणाऱ्यांविरुद्ध आमची माणसं वापरली जाताहेत आणि आम्हाला ते थांबवताही येत नाही, याची शरम वाटते.

सुराबायात मात्र सगळं उलटंच घडत गेलं. तिथले जपानी नौदल अधिकारी शिबाता यांनी शस्त्रांची कोठारं इंडोनेशियन तरुणांच्या हाती जाऊ दिली होती. दोनच आठवड्यांपूर्वी सेमारांगला मात्र मेजर किदो यांच्या जपानी बटालियननं इंडोनेशियनांशी पाच दिवस लढून शहर परत घेतलं आणि ब्रिटिशांच्या स्वाधीन केलं. एकाच बेटावर, एकाच महिन्यात, एकाच सैन्याची ही दोन रूपं.

मॅलबींनी स्थानिक नेत्यांशी समझोता केला होता. २७ तारखेला जाकार्ताहून आलेल्या विमानानं पत्रकं टाकली : अठ्ठेचाळीस तासांत शस्त्रं खाली ठेवा. समझोता तिथेच मेला. २८ ला शहरभर विखुरलेल्या छोट्या-छोट्या तुकड्यांवर हजारो लोक तुटून पडले. डच स्त्रिया आणि मुलांना छावणीतून हलवणाऱ्या एका ताफ्याच्या रक्षणात भारतीय जवान शेवटपर्यंत लढत मेले. २९ ला सुकर्णोंना विमानानं आणून युद्धबंदी घडवली. ३० च्या संध्याकाळी लाल पुलाजवळच्या इंटरनॅशिओ इमारतीसमोर मॅलबींची मोटार गर्दीत अडकली. इमारतीच्या आत सहाव्या मराठाची तुकडी होती. बाहेर ‘मर्देका’, म्हणजे स्वातंत्र्य, म्हणत चौक भरलेला. गोळीबार झाला आणि मॅलबी मारले गेले.

छत्रपती शिवाजी महाराजांचा जयजयकार ही ज्यांची युद्धघोषणा, ते त्या इमारतीच्या खिडक्यांत उभे होते. खाली स्वराज्य मागणारी, बांबूचे भाले घेतलेली वीस वर्षांची मुलं होती. मी त्या पुलावर उभी राहिले तेव्हा इतिहासाचं मोठं काही सुचलं नाही. एवढंच वाटलं, की या दोघांना एकमेकांची भाषा येत असती तर! त्या जवानांना मी दोष देत नाही. हुकूम त्यांचा नव्हता, युद्ध त्यांचं नव्हतं, पेन्शनवर आईबाप आणि गहाण जमीन अवलंबून होती. पण ते तिथे होते हे आपण सांगत नाही, याचं मला दुःख आहे. इम्फाळ सांगतो, इटली सांगतो. सुराबाया गाळतो.

१० नोव्हेंबरच्या सकाळी, ब्रिटिशांनी दिलेली मुदत संपल्यावर, जमीन, समुद्र आणि आकाश तिन्हींकडून हल्ला सुरू झाला. या वेळी पाचवी भारतीय डिव्हिजन. रेडिओवर बुंग तोमो या पंचवीस वर्षांच्या तरुणाची भाषणं चालू होती. शहर घ्यायला तीन आठवडे लागले. इंडोनेशियन मृतांचा आकडा सहा हजारांपासून सोळा हजारांपर्यंत सांगितला जातो. तो दिवस तिथे ‘वीर दिन’ म्हणून पाळतात. लढाईच्या त्या वर्षात सुमारे सहाशे भारतीय सैनिक, बहुतेक मुसलमान, ब्रिटिशांना सोडून इंडोनेशियनांना जाऊन मिळाले. सिडनीच्या गोदीत भारतीय खलाशांनी डच जहाजं हाकायला नकार दिला. म्हणजे नाही म्हणणंही शक्य होतं, थोड्यांना, फार मोठी किंमत देऊन.

याच जावात आणखी एक माणूस होता, त्याची गोष्ट मला मराठा जवानांच्या गोष्टीशेजारी ठेवावीशी वाटते. जपान्यांनी जावातल्या युद्धकैद्यांच्या छावण्यांवर पहारेकरी म्हणून कोरियन तरुण आणले होते. कोरियन, पण नावं जपानी, कारण कोरियात नावंही बदलायला लावली होती. युद्धानंतर असल्या १४८ कोरियनांना जपानी युद्धगुन्हेगार म्हणून शिक्षा झाल्या, २३ फासावर किंवा गोळीनं गेले. तोवर त्यांचा देश जपानचा राहिला नव्हता. यांग चिल-सोंग हा त्या पहारेकऱ्यांतला एक. तो परतला नाही. इंडोनेशियन गनिमांना जाऊन मिळाला, कोमारुदिन या नावानं लढला, आणि १९४९ साली डचांनी त्याला गारूतला गोळ्या घातल्या. इंडोनेशियानं त्याला वीराचा मान दिला, पण थडग्यावर जपानी नाव होतं. कोरियन नाव लागलं ते १९९५ साली, म्हणजे त्याच्या देशाच्या मुक्तीला पन्नास वर्षं झाल्यावर.

परतंत्र माणसाच्या हातात बंदूक देऊन त्याला दुसऱ्याच्या पारतंत्र्यावर पहारा करायला उभं करायचं, ही युक्ती ब्रिटिशांनी वापरली, जपान्यांनी वापरली, डचांनी इंडोनेशियातल्याच अंबोन बेटाच्या सैनिकांवर वापरली. कोणी कोणाला स्वातंत्र्य ‘दिलं’ याची चर्चा आपण राजधान्यांच्या पातळीवर करतो तेव्हा ही माणसं नजरेतून सुटतात. टोकियोला श्रेय द्यायचं की लंडनला, या भांडणात त्यांना जागाच नाही.

डचांनी पुढची चार वर्षं, दोन मोठ्या लष्करी मोहिमा करून, ती बेटं परत घ्यायचा प्रयत्न केला. जुलै १९४७ मध्ये बिजू पटनाईक स्वतः विमान घेऊन गेले आणि शाहरिर यांना बाहेर काढून आणलं. जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी दिल्लीत इंडोनेशियासाठी आशियाई देशांची परिषद बोलावली. १९५० च्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाला पाहुणे होते सुकर्णो. सुराबायाच्या चारच वर्षांनंतर, आणि त्यांनी हिंदुस्थानी सैनिकांबद्दल मनात काही ठेवलं नाही, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

नेदरलँड्सनं सत्ता सोपवली २७ डिसेंबर १९४९ ला, तेही सुमारे ४३० कोटी गिल्डरचं कर्ज नव्या देशाच्या डोक्यावर ठेवून. आणि स्वातंत्र्याची तारीख हीच, असा हट्ट धरला. १७ ऑगस्ट मान्य केली तर नंतरची चार वर्षं ही स्वतंत्र देशावरची चढाई ठरते, हे त्यांना कळत होतं. २००५ साली त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी ती तारीख ‘राजकीय आणि नैतिक’ अर्थानं मान्य केली. २०२० मध्ये राजानं अतिरेकी हिंसेबद्दल माफी मागितली. जून २०२३ मध्ये पंतप्रधान रुटे यांनी संसदेत १७ ऑगस्ट पूर्णपणे, कुठलीही पुस्ती न जोडता, मान्य केल्याचं सांगितलं. अठ्ठ्याहत्तर वर्षं लागली.

मला आता चौथ्या आणि सहाव्या मराठाच्या जवानांची पत्रं वाचायची आहेत. जावाहून घरी आलेली, सेन्सॉरच्या शिक्क्याची. कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत असतील, कुणा पणजोबांच्या कागदांत ‘सुराबाया’ किंवा नुसतं ‘जावा, १९४५’ असं लिहिलेलं असेल. कुणाच्या आजीनं ‘आजोबा लढाई संपल्यावरच्या लढाईत गेले’ असं सांगितलं असेल. अशा घरांनी ते कागद फेकू नयेत. त्यांवर काय लिहिलंय ते विचारायला मी पुढच्या महिन्यात साताऱ्यापासून सुरुवात करणार आहे.